वहीतली विसावी लाईन

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला देऊळघाटात सगळ्यांना कळलं, की सुलभा मॅडम गेल्या. त्यांच्या नवऱ्याला, सुधाकरला, ते पाच मिनिटं आधी कळलं होतं. पुढं जे झालं ते सगळं त्या पाच मिनिटांत ठरलं.

त्या दिवशी धुकं होतं. अंगणातल्या शेवग्याचा शेंडा दिसत नव्हता. सुलभाचा गुरुवार होता, संध्याकाळी घट मांडायचा होता, म्हणून तिनं शाळेत जायच्या आधीच अंघोळ करून साडी आणि दोन टॉवेल धुतले आणि वाळत टाकायला अंगणात गेली. सुधाकर आत चहा गाळत होता. त्याला बादली पडल्याचा आवाज आला. सुलभा ओरडली नाही. बादली पडली, थोडी गडगडली आणि थांबली.

"काय पाडलं वो?" त्यानं आतूनच विचारलं.

उत्तर आलं नाही. तो गाळणी हातात घेऊनच बाहेर आला.

सुलभा खाली पडली होती. तिची मूठ कपड्यांच्या तारेवर बंद होती आणि तार तिच्यासोबत खाली झुकली होती. ती तार एका बाजूनं घराच्या लाकडी चौकटीला आणि दुसऱ्या बाजूनं रस्त्याकडेच्या लोखंडी विजेच्या खांबाला बांधलेली होती. तारेत वीज आलीय हे सुधाकरला लगेच समजलं. त्यानं तिला हात लावला नाही. शेंगा पाडायची वेळूची काठी उचलली आणि तारेवर मारली. पहिला फटका चुकला. काठी वर गेली आणि खांबावरून घरात येणाऱ्या काळ्या सर्व्हिस वायरला अडकली. ती वायर खांबापाशी घासून घासून आधीच उघडी पडलेली होती. निळी ठिणगी उडाली आणि वायर तुटून अंगणात पडली. दुसऱ्या फटक्यानं कपड्यांच्या तारेची खांबावरची गाठ सुटली. सुलभाची मूठ उघडली.

त्यानं तिला तीन वेळा हाक मारली. मग तो ओरडला.

सगळ्यात आधी शेजारची गोजरबाई धावत आली, तिच्या मागं गल्लीतली माणसं आली. तोवर कपड्यांची तार ओल्या साडीखाली दबून गेली होती. अंगणात आडवी पडलेली काळी वायर तेवढी दिसत होती.

"सर्व्हिस वायर तुटली रे! डीपीवर जा कोणी, लाईन बंद करा!"

कोणीतरी पळालं. दुसऱ्या कोणीतरी सुधाकरच्या खांद्याला धरून विचारलं, "वायर अंगावर पडली का वहिनीच्या?"

सुधाकर म्हणाला, "हाव."

तो काही विचार करून खोटं बोलला नव्हता. एक माणूस विचारतो, दुसरा हो म्हणतो, तसं झालं. पण ते 'हाव' एकदा तोंडातून गेलं आणि गावाचं झालं. बायकांनी ओली साडी आणि तिच्यात गुंडाळलेली तार उचलून न्हाणीघरामागं नेऊन ठेवली.

ती तार सुधाकरनं स्वतः बांधली होती. एकदा नाही, तीनदा. लाईनमन शेखर याच गावचा भाग सांभाळायचा. गेल्या वर्षी तो वीजबिलाची तक्रार बघायला आला, तेव्हा त्यानं पकडीनं ती तार कापून टाकली होती. "काका, खांबाले तार बांधत नसतात. एखाद्या दिवशी जीव जाईन." सुधाकर म्हणाला होता, "अबे, साऱ्या गल्लीनं बांधल्या आहेत, त्या दिसत नाहीत का तुले?" शेखर गेल्यावर त्यानं नवी तार आणून बांधली. दिवाळीआधी शेखरनं तीही कापली. सुधाकरनं कापलेल्या तुकड्याला तुकडा पीळ घालून जोडला आणि पुन्हा तिथंच बांधली. आपल्या अंगणात आपण काय बांधायचं हे दुसऱ्यानं सांगायचं, हे त्याला पटत नव्हतं. कारण एवढंच होतं.

सुलभाचं आणि शेखरचं मात्र चांगलं जमायचं. ती पाचवीला इंग्रजी शिकवायची. आपण घरात रोज जे इंग्रजी शब्द बोलतो, त्यातला एकच शब्द घ्यायचा आणि त्याचे जेवढे अर्थ सापडतील तेवढे वाक्यासकट लिहायचे, असा तिनं वर्गाला उद्योग दिला होता. पोरांनी शब्द निवडला होता 'लाईन'. कारण त्या दिवशी शाळेत लाईन गेली होती. स्नेहसंमेलनापर्यंत पंचवीस अर्थ गोळा करायचे ठरलं होतं. सगळं ती एका चारशे पानी वहीत उतरवून ठेवायची. कोणी भेटलं की विचारायची, तुमच्याकडं लाईन कशा-कशाला म्हणतात?

"मॅडम, लाईनमन लिहा ना," शेखर एकदा म्हणाला होता.

"जोडून आलेला शब्द चालत नाही. नुसती लाईन पाहिजे."

"म्हंजे मले जागाच नाही का तुमच्या वहीत?"

"तू माणूस आहेस. अर्थ नाहीस," सुलभा म्हणाली होती, आणि त्याला चहा दिला होता.

मुलगा हर्षल त्याच दिवशी दुपारी पुण्याहून आला. तो आईचं तोंड पाहून रडला नाही. तो तुटलेल्या वायरीपाशी जाऊन उभा राहिला आणि मोबाईलवर तिचे फोटो काढले. "पप्पा, ही वायर किती वर्षांची आहे? तक्रार केली होती ना तुम्ही? मी नाही सोडणार त्या लाईनमनला." गावातली चाळीसेक माणसं त्याच्यासोबत बुलढाण्याला विजेच्या ऑफिसात गेली. तिसऱ्या दिवशी ऑफिसातले साहेब घरी आले आणि सुधाकरचा जबाब लिहून घेतला. सर्व्हिस वायर तुटून पत्नीच्या अंगावर पडली. वाचून दाखवलं. सुधाकरनं सही केली. पाचव्या दिवशी शेखर निलंबित झाला.

तेरवी झाली. हर्षल पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "अजून एकदा बोलावतील तुम्हाला, जबाब कायम आहे का विचारायला. फक्त हो म्हणायचं."

त्यानंतर दोन दिवसांनी शेखर आला. फाटकाच्या आत आला नाही. दाढी वाढलेली, पायात चप्पल. गावात त्याच्या अंगावर कोणी धावून जाईल अशी भीती होती, तरी तो उजेडात आला होता.

"काका, मी भांडाले नाही आलो."

सुधाकर ओट्यावर बसून होता. तो उठला नाही.

"मॅडमनं मले मंगळवारी फोन केला होता," शेखर म्हणाला. "म्हणे, खांब पाहून जा एकदा. मी बुधवारी येणार होतो, लाईन बंद कराचं परमिट भेटलं नाही. गुरुवारी येतो म्हटलं. थे माही चूक हाये. थे मी कोणालेही सांगतो."

"मंग?"

"मले फक्त एक सांगा. थे कपड्याची तार कुठी गेली?"

"कोणती तार?" सुधाकर म्हणाला.

शेखरनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्यानं खांबाकडं पाहिलं. खांबावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, तारेनं घासून घासून पडलेला चकचकीत पट्टा होता. गंज सगळीकडं होता, तेवढ्या जागी नव्हता.

"बरं काका," तो म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून सुधाकरला सकाळी चहा जाईनासा झाला. उजाडताना तो टेस्टर घेऊन बाहेर जायचा. धुकं असलं, खांब ओला असला, की टेस्टरचं टोक खांबाला टेकवताच आतला दिवा लागायचा. मुंगीच्या डोळ्याएवढा लाल ठिपका. ऊन चढलं की लागायचा नाही. ऑफिसच्या माणसांनी त्याच्या घराची वायर नवी टाकून दिली होती. पण त्या खांबावरून आणखी तीन घरांना वायरी गेल्या होत्या, आणि त्या जुन्याच होत्या. त्यातली कोणती तरी घासत होती. शेखरच्या जागी नवा माणूस आला नव्हता. शेजारच्या गावचा लाईनमन दोन्ही गावं बघायचा, म्हणजे कुठलंच बघत नव्हता.

सुधाकरनं कोणाला सांगितलं नाही. खांबात करंट आहे असं म्हटलं, तर लोक विचारणार, तुम्ही खांबाला टेस्टर लावायला काऊन गेले? वायर तर अंगावर पडली होती.

आणि गल्लीत खांबाला बांधलेल्या कपड्यांच्या तारा तशाच होत्या. खालच्या अंगाला तिसऱ्या खांबाला दोन, मारुतीच्या पाराजवळ एक, पलीकडं आणखी. मॅडम गेल्यावर लोकांनी आपापल्या सर्व्हिस वायरी वर मान करून तपासल्या होत्या. पोरांना वायरीखाली खेळू देत नव्हते. कपड्यांच्या तारेकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही. काऊन पाहतील? मॅडम तारेनं गेल्याच नव्हत्या.

जानेवारीत शाळेचे मुख्याध्यापक राजकुमार सर आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"सुधाकरराव, मॅडमची ती वही होती. लाईन शब्दाची. पोरं रोज विचारतात. सव्वीस जानेवारीला मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावू म्हणतो. मॅडमच्या नावानं."

"पाहतो, सर. असंन कुठं तरी."

"वीस झाले, असं मॅडम म्हणाल्या होत्या म्हणतात पोरं. पाच राहिले. ते पोरं शोधतील."

सर गेल्यावर सुधाकरनं सुलभाची शाळेची पिशवी पहिल्यांदा उघडली. डब्याच्या खाली वही होती. तो दारात उजेडाला बसला आणि वाचू लागला. तिचं अक्षर गोल होतं, फळ्यावरच्यासारखं.

लाईन म्हणजे वीज. वाक्य: रात्री लाईन गेली आणि सकाळी आली. लाईन म्हणजे रांग. वाक्य: रेशनच्या लाईनीत गोजरबाई सगळ्यात पुढं असतात. लाईन म्हणजे पिकाचं तास, म्हणजे ओळ. वाक्य: हे तुरीची एक लाईन सोडून एक लाईन निंदतात. पोलिसांची घरं, नांदुऱ्याकडची रेल्वे, नळाचा पाईप, फोन, सगळं होतं. लाईन म्हणजे धंदा. हर्षलची लाईन कॉम्प्युटरची आहे. लाईनवर येणे म्हणजे सुधारणे. इथं तिनं कंसात लिहिलं होतं, 'हे अजून आले नाहीत.' अकराव्या अर्थापाशी सुधाकरला हसू आलं. लाईन मारणे. वाक्य: लग्न ठरल्यावर हे चिखलीच्या बस स्टँडवर माझ्या कॉलेजच्या गाडीच्या वेळी यायचे आणि लाईन मारायचे. (हे वाक्य वर्गात सांगू नये.)

मग विसावं आलं. समोर तारीख होती, गुरुवारच्या आधीच्या मंगळवारची.

लाईन उतरणे. म्हणजे नको तिथं वीज येणे. वाक्य: आमच्या कपड्यांच्या तारेत सकाळी लाईन उतरते, हाताला मुंग्या येतात. यांना सांगितलं. हे म्हणाले, तुझ्या वहीत लिहून घे.

सुधाकरनं वही बंद केली.

त्याला ती सकाळ आठवत नव्हती असं नाही. त्यानं आठवू दिली नव्हती. सुलभा ओल्या हातांनी आत आली होती. "अहो, तार चावते. कालही चावली. लाईन उतरली वाटते तिच्यात." तो फवारणीच्या पंपाचं वायसर बदलत होता. मान वर न करता म्हणाला होता, "मंग लिहून घे तुझ्या वहीत. एकविसावी का विसावी, जे असंन ते." ती हसली होती. "विसावी," म्हणाली होती. त्यानं दुपारी बघतो म्हटलं आणि बघितलं नाही. तो ऐकत नाही म्हणून तिनंच शेखरला फोन केला. आणि गुरुवारी, चावणाऱ्या तारेवर, घाईत, ओली साडी टाकली. रोजची जागा होती. माणूस रोजच्या जागेला किती भिणार?

वही त्यानं गव्हाच्या कोठीत खुपसली, हात कोपरापर्यंत गव्हात घालून.

सरांना सांगितलं, सापडली नाही. पोरांनी आठवून आठवून भिंतीवर एकोणीस अर्थ लिहिले. विसावा कोणालाच आठवला नाही, कारण तो तिनं वर्गात सांगितलाच नव्हता.

जानेवारीच्या शेवटी थंडी वाढली, पुन्हा धुकं पडायला लागलं. एका दुपारी सुधाकर वावरातून तुरीचं भुसकट घेऊन घरी येत होता. आपल्या फाटकापाशी आल्यावर त्याला खांबाच्या पलीकडं, गोजरबाईच्या अंगणात, ओल्या गोधड्या दिसल्या. काल तिथं नायलॉनची दोरी होती. आज तार होती. खांबावर, त्याच चकचकीत पट्ट्यावर, ताजी गाठ होती. आणि तारेच्या मधोमध पीळ घालून दिलेला जोड होता. तो पीळ त्यानं स्वतः दिवाळीत घातला होता.

गोधडीचा खाली लोंबणारा काठ धरून गोजरबाईची नात छकुली झोके घेत होती. तीन वर्षांची. अनवाणी. जमीन गोधड्यांच्या पाण्यानं ओली होती.

ऊन होतं, खांब वाळलेला होता. आत्ता काही होणार नाही हे सुधाकरला माहीत होतं. उद्या सकाळचं काय, हेही माहीत होतं. त्यानं भुसकट तिथंच टाकलं, घरातून पकड आणली, छकुलीला उचलून ओट्यावर ठेवलं आणि खांबावरची तार कापली. गोधड्या मातीत पडल्या.

गोजरबाई आतून पळत आली. "ओ भाऊ! काय करून राह्यले? डोक्सं फिरलं का तुमचं? दोन तास धोपटल्या मी त्या!"

"तार माही आहे."

"तुमची आहे त काय झालं? दीड महिन्यापासून न्हाणीमागं पडून होती. कोणाच्या कामी आली त बिघडलं का? मॅडमनं मले कधी नाही म्हटलं नाही, अन् तुम्ही एवढ्याशा तारेसाठी..."

"खांबाले बांधू नका."

"सारी गल्ली बांधते."

"बांधू नका म्हटलं ना!"

त्याचा आवाज ऐकून समोरच्या दोन घरांतल्या बायका दारात आल्या. गोजरबाई थोडी नरमली. दुःखानं माणूस असं वागतो, असं तिला वाटलं असावं. ती समजुतीनं म्हणाली, "भाऊ, तुमचं मन मले समजते. पण मॅडम काय तारेनं गेल्या का? वायर पडली अंगावर. त्या शेखऱ्यानं मारलं तिले. तारेचा काय दोष?"

छकुली ओट्यावरून उतरून पुन्हा पडलेल्या गोधडीकडं आली होती आणि कापलेल्या तारेचं टोक तिनं हातात धरलं होतं.

सुधाकर म्हणाला, "तारेनं गेली."

त्यानं छकुलीच्या हातातल्या टोकाकडं बोट केलं.

"याच तारेनं गेली. मी बांधली होती. शेखरनं दोनदा कापली, मी पुन्हा बांधली. वायर मंग तुटली, माह्या काठीनं. सुलभा तारेले धरून पडली होती. मले दोन दिवस आधी सांगितलं होतं तिनं, तार चावते म्हणून." त्यानं खांबाकडं हात केला. "खांबात अजून लाईन उतरते. सकाळी या, मी टेस्टर लावून दाखवतो."

गोजरबाईनं छकुलीच्या हातातून तार ओढून घेतली आणि लांब फेकली, साप फेकावा तशी. पोरीला कडेवर घेतलं. ती सुधाकरकडं पाहत होती, पण पुढं येत नव्हती. इतके दिवस ती रोज त्याला भाकर आणून देत होती.

"मंग शेखर?" ती शेवटी म्हणाली.

सुधाकरनं पकड खिशात घातली.

"बोला ना. शेखर काऊन घरी बसला मंग? तो इथं आला त्या दिवशी त्याच्या अंगावर माह्या लेकानं चप्पल फेकली होती. मी हसली होती."

तो पडलेल्या गोधड्या उचलायला वाकला. गोजरबाई म्हणाली, "राहू द्या." आणि स्वतः उचलून आत घेऊन गेली. त्या दिवशी भाकर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात पाच-सहा जणं खांबापाशी जमली. सुधाकरनं टेस्टर लावला. लाल ठिपका सगळ्यांनी वाकून वाकून पाहिला. कोणी त्याला शिवी दिली नाही. दुपारपर्यंत गल्लीतल्या चार तारा निघाल्या. मारुतीच्या पाराजवळची निघाली नाही. ते म्हणाले, आमच्या खांबाला काही होत नाही, बघू. रोज सकाळी सुधाकर तिथं जाऊन त्यांच्याही खांबाला टेस्टर लावतो. अजून तरी दिवा लागलेला नाही.

वही त्यानं कोठीतून काढली. पानांत गव्हाची कुसं अडकली होती, ती झटकली. हर्षलचा रोज फोन येतो. तो विचारतो जेवले का, सुधाकर हो म्हणतो. बुलढाण्याच्या ऑफिसातून जबाबासाठी दोनदा बोलावणं आलं, एकदा सोमवारी आणि एकदा त्याच्या पुढच्या सोमवारी. दोन्ही वेळा सुधाकर वही पिशवीत घालून बस थांब्यापर्यंत गेला, आणि गाडी आली तेव्हा चढला नाही.

शेखर चिखलीला आपल्या घरी बसून आहे. खांब दुरुस्त झालेला नाही. ऑफिसातल्या फायलीत सुधाकरचा जबाब अजून तोच आहे.